९२ क्रमांकाची बाई

पावसाळा सुरू झाला की कोयनानगर महाराष्ट्राच्या रोजच्या बोलण्यात येतं. पेपरात चौकट छापून येते: पाणीपातळी इतके फूट, साठा इतके टीएमसी, विसर्ग इतके क्युसेक्स, पाऊस कोयनेला इतका, नवजाला इतका, महाबळेश्वरला इतका. कऱ्हाड-सांगलीचे लोक ती चौकट पुराच्या धास्तीनं वाचतात, दुष्काळी भागातले आशेनं. धरण काठोकाठ भरलं की १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. त्यातलं वीज करून पश्चिमेला कोकणात किती सोडायचं, तेही कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवून दिलेलं आहे: वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॅट. इथल्या पाण्याचा एकही थेंब हिशेबाबाहेर जात नाही.

विजेची किमया घडते ती उंचीमुळे. कोयना नदी मुळात पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. अभियंत्यांनी तिचं पाणी शिवसागर जलाशयातून बोगद्यानं सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडलं. शाळेतलं गणित लावा. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडलं की त्यातून, गळती-घट धरूनही, साधारण एक युनिट वीज मिळते. आपल्या घरातल्या मीटरवर जो आकडा एकनं सरकतो, त्याच्यामागे अशी हजार लिटरची एक उडी असते.

आता हेच गणित उलटं करू. पाणी खाली पडण्याऐवजी वर चढवायचं. डोंगरातल्या एखाद्या वाडीचा झरा घरांपेक्षा पन्नास मीटर खाली आहे असं धरा. कोयना धरणाच्या पाटण तालुक्यात असं शोधायला फार लांब जावं लागत नाही. एका घराला दिवसाला दोनशे लिटर पाणी लागतं असं धरू. पंधरा लिटरची एक घागर, म्हणजे तेरा-चौदा खेपा. एका खेपेला जाणं, भरणं, चढून येणं मिळून दहा मिनिटं जरी लागली तरी सव्वादोन तास गेले. हेच दोनशे लिटर पाणी पंपानं तेवढंच वर चढवायला वीज किती लागेल? पंपाची अकार्यक्षमता जमेस धरून फार तर ०.०७ युनिट. पैशात सांगायचं तर अर्ध्या रुपयाच्या आसपास.

हा आकडा पुन्हा एकदा वाचण्यासारखा आहे. एका बाईच्या आयुष्यातले रोजचे सव्वादोन तास, आणि त्याला पर्याय असलेली वीज आठ आण्यांची. यंत्र काय करतं, तर ते ताकदीपेक्षा वेळ वाचवतं. आणि देश श्रीमंत होतो तो शेवटी माणसांच्या वेळेचं काय होतं यावरच. मग पाण्याच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या देशानं या सव्वादोन तासांचा हिशेब कोणत्या वहीत ठेवला आहे?

वही आहे. तिच्यात या बाईला क्रमांकही दिलेला आहे.

देशात कोण काम करतं हे शोधण्यासाठी सरकारचे सर्वेक्षक घरोघर जातात आणि प्रत्येक माणसापुढे एक सांकेतांक लिहितात. स्वतःचा धंदा वा शेती करणाऱ्याला ११. पगारदाराला ३१. घरच्या शेतीत किंवा दुकानात मोबदल्याशिवाय हातभार लावणाऱ्याला २१. फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ९२. घरकाम करून शिवाय सरपण आणणारी, चारा कापणारी, घरच्यांसाठी शिवण-टिपण करणारी असेल तर ९३. यातले ११, ३१, २१ हे कामगार. ९२ आणि ९३ श्रमशक्तीच्या बाहेर. पहाटे पाचला चूल पेटवणारी आणि रात्री दहाला भांडी उपडी घालणारी बाई अधिकृत नोंदीनुसार काम करत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही अशीच एक सीमारेषा आखलेली आहे. तिचे नियम जगभर सारखे आणि वाचताना थक्क करणारे आहेत. घरच्यासाठी पिकवलेली नाचणी उत्पादनात धरतात. झऱ्यावरून आणलेलं पाणी आणि रानातून आणलेलं सरपणही, नियमाप्रमाणे, उत्पादनात धरायला हवं. पण त्याच नाचणीची भाकरी, त्याच पाण्यानं आणि त्याच सरपणावर घरच्यांसाठी केली, तर ती धरत नाहीत. भाकरी खानावळीत विकली की धरतात. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या माणसानं स्वतःलाच भाडं दिलं असं मानून ते न दिलेलं भाडंसुद्धा राष्ट्रीय उत्पन्नात मिळवतात. त्या घरातला स्वयंपाक मात्र नाही. या विसंगतीवर अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वीच बोट ठेवलं होतं: एखाद्यानं आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं तर काम तेच राहतं, राष्ट्रीय उत्पन्न मात्र घटतं.

आपल्या जनगणनेनं तर एकदा कडीच केली. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी आणि कैदी यांच्यासोबत 'बिगर-कामगार' या एकाच गटात बसवलं होतं. २०१० साली अपघाती मृत्यूच्या भरपाईचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात आला. गृहिणीच्या जिवाची किंमत कशी लावायची, हा त्यातला प्रश्न होता. तेव्हा न्यायालयानं या वर्गवारीवर कडक ताशेरे ओढले.

किंमत लावायचीच तर किती लागेल? केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते. पुरुषाची सरासरी ८८ मिनिटं, तीही जे पुरुष घरकामाला हात लावतात तेवढ्यांचीच. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ वेगळा. भारतीय स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये स्त्रियांच्या या विनामोबदला कामाची किंमत वर्षाला सुमारे २२.७ लाख कोटी रुपये काढली होती, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या जवळपास. हिशेबाची पद्धत बदलली की आकडा बदलतो. पण अगदी हात आखडून मोजलं तरी तो बारीकसारीक ठरत नाही.

आता पुन्हा कोयनेच्या खोऱ्यात येऊ, कारण न मोजलेलं काम देशाच्या वाढीत कसं मिसळून जातं हे इथे फार स्वच्छ दिसतं.

पाटण तालुक्याची शेती गुंठ्यांची. उतारावर नाचणी-वरी, सपाटीला भाताची खाचरं. तेवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून इथले पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेले. गिरण्यांत गेले, गोदीत गेले, भाजी-धान्याच्या बाजारात ओझी उचलायला गेले. माथाडी कामगारांना कायद्याचं संरक्षण मिळवून देणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली आणि तीही मोठ्या प्रमाणावर मुंबई-पुण्याच्या कारखान्यांकडे गेली. खोऱ्यातून दोन गोष्टी मुंबईला गेल्या, माणूस आणि वीज, आणि दोन्हींची नोंद राज्याच्या औद्योगिक प्रगतीत झाली.

मागे राहिली ती बाई. तिनं तरवा भाजला, भात लावलं, खुरपलं, कापलं, झोडलं, गुरं राखली, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली, पोरं वाढवली आणि त्यातली मोठी झालेली पुन्हा मुंबईला धाडली. मुंबईच्या कामगाराला जो पगार पुरत होता, तो गावाकडचं अर्धं घर ही बाई विनापगारी चालवत होती म्हणून पुरत होता. गिरणीच्या ताळेबंदात याची ओळ नव्हती. गावात मनीऑर्डर यायची, तिच्यावर नाव पुरुषाचं. सातबारावरही नाव पुरुषाचं. जलाशयात गावं बुडाली आणि पुनर्वसनाचा प्रश्न आला, तेव्हा जमीन मिळायची ती खातेदाराला. खातेदार कोण, तर बहुतेक ठिकाणी पुरुषच.

खाली कऱ्हाड-वाळव्याच्या ऊसपट्ट्यात उतरा. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. त्यांच्या हिशेबाचं एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहते. कधी दोघंही तोडतात. मुकादमाकडून उचल घेताना व्यवहार पुरुषाशी होतो, टनामागचे पैसे कोयत्याला मिळतात. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. बाईची मजुरी किती, असं विचारलं तर उत्तरच नाही, कारण ती वेगळी लिहिलेलीच नसते. साखरेच्या पोत्यात तिचे श्रम आहेत, साखर राष्ट्रीय उत्पन्नात आहे, पण तिच्या नावावर एक ओळ नाही.

यावर कुणी म्हणेल, नोंद झाली काय नि न झाली काय, काम तर होतंयच ना? इथेच अर्थशास्त्र मजेदार होतं. ज्या श्रमाला किंमत नाही, तो वाचवण्यासाठी कुणी गुंतवणूक करत नाही. कारखान्यात कामगाराचे रोजचे सव्वादोन तास पाणी आणण्यात जात असते, तर मालकानं दुसऱ्याच दिवशी नळ बसवला असता. वाडीत तो पन्नास वर्षं बसला नाही, कारण तासांचं बिल कुणाच्याच नावावर फाटत नव्हतं.

घरात वीज आली की काय होतं, याचा एक सुरेख पुरावा दक्षिण आफ्रिकेतून आला आहे. वर्णभेदी राजवट संपल्यावर तिथल्या सरकारनं क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या खेड्यांना झपाट्यानं वीज दिली. अर्थशास्त्रज्ञ टॅरिन डिंकेलमन यांनी वीज मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांची तुलना केली. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वीज आल्यावर पाच वर्षांत स्त्रियांचं रोजगारातलं प्रमाण नऊ ते साडेनऊ टक्केबिंदूंनी वाढलं होतं; पुरुषांमध्ये तसा ठोस फरक दिसला नाही. त्या गावांत या काळात कारखाने उघडले नव्हते. लाकडाची चूल गेली, विजेची शेगडी आली, सरपणाचे तास मोकळे झाले आणि त्या तासांत बायकांनी कमाई शोधली. त्यांना काम करायला शिकवावं लागलं नाही, काम त्या आधीही करतच होत्या.

दुसरा पुरावा शेतीचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०११ मध्ये हिशेब मांडला: विकसनशील देशांतल्या शेतकरी स्त्रियांना पुरुषांइतकीच खतं, अवजारं, कर्ज आणि सल्ला मिळाला, तर त्यांच्या शेतातलं उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढेल आणि या देशांचं एकूण शेती उत्पादन अडीच ते चार टक्क्यांनी. कारण उघड आहे. सातबारावर नाव नाही, म्हणून पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून चांगलं बियाणं नाही. आणि कृषी खात्याच्या यादीत ती शेतकरीच नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांपैकी स्त्रिया फक्त १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. रानात पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं, कागदावर हे.

देशाच्या वाढीचं धोरण आखणाऱ्यांना म्हणूनच आता या विषयाची गोडी लागली आहे. मॅकिन्झी संस्थेनं २०१५ मध्ये अंदाज वर्तवला होता की स्त्रियांच्या सहभागातली दरी कमी केली तर २०२५ पर्यंत भारताच्या उत्पन्नात ७०० अब्ज डॉलरची भर पडू शकते. अशा अंदाजांकडे थोडं सावधपणे पाहावं. ९२ मधली बाई ११ किंवा ३१ मध्ये गेली की कागदावरचं उत्पन्न वाढतं, पण तिनं आधी जे काम केलं ते बुडालं की दुसऱ्या कुणी उचललं की तिनंच रात्री जागून केलं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आणि वाढ झाली की बायका आपोआप कामाला लागतात असंही नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या संशोधनासाठी. त्यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी धुंडाळल्या. जुन्या जनगणनेत विवाहित बाईपुढे 'धंदा' या रकान्यात नुसतं 'पत्नी' असं लिहिलेलं असायचं. गोल्डिन यांनी इतर कागदपत्रांवरून तिचं शेतातलं आणि घरउद्योगातलं काम शोधून मिळवलं. तेव्हा चित्र उलटलं. शेतीप्रधान काळात बायका भरपूर काम करत होत्या, कारखाने आले तसा विवाहित बायकांचा सहभाग घसरला, आणि पुढे शिक्षण आणि कचेऱ्यांतल्या नोकऱ्या वाढल्यावर पुन्हा चढला. खाली जाऊन वर येणारी ही वक्ररेषा. सुबत्ता आली की पुरुषाची कमाई पुरते आणि बाई घरात बसवली जाते. ती पुन्हा बाहेर येते ती चांगलं काम मिळालं तरच.

भारत या वक्ररेषेवर कुठे आहे? श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. सहा वर्षांत एवढी उडी फार थोड्या देशांनी पाहिली असेल. पुरुषांचा आकडा ७८.८. पण उडीच्या आत डोकावलं तर वाढ मुख्यत्वे ग्रामीण भागात, स्वयंरोजगारात आहे. आणि काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणींचा सांकेतांक २१: घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस. म्हणजे बऱ्याच बायका ९३ मधून २१ मध्ये आल्या. मोजल्या गेल्या ही मोठी गोष्ट झाली, पण पैसे अजून हातात नाहीत.

मोजणं आणि पैसे हातात देणं, दोन्ही एकदम कसं करायचं, याचा धडा देशाला कोयना-कृष्णेच्या याच टापूनं दिला आहे. सांगली जिल्ह्यातलं विसापूर हे वि. स. पागे यांचं गाव. पागे अनेक वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना; तासगाव भागात १९६५ च्या सुमारास तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. आजही मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा कापली जाणारी ती रक्कम मुळात खेड्यातल्या मजुराच्या हमीसाठी सुरू झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

या योजनेत एक तपशील होता आणि त्यानं बायकांचं जग बदललं. मजुरी कामाच्या मोजमापावर होती. किती घनमीटर माती खणली, किती खडी फोडली, त्यावर दाम. मोजपट्टीला बाईची माती आणि पुरुषाची माती वेगळी कळत नाही. शेतमालकाकडे बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी, हा गावोगावचा रिवाज. सरकारी कामावर दर एकच. आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तिचं स्वतःचं नाव. कितीतरी बायकांचं नाव रेशनकार्डाखेरीज दुसऱ्या सरकारी कागदावर पहिल्यांदा आलं ते इथे. कामावर त्या लोटल्या यात नवल नव्हतं. २००५ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव पुढ्यात होता. आणि त्या योजनेतही देशभरात निम्म्याहून जास्त मजूरदिवस स्त्रियांचे भरले.

पाटण ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याचं दुसरं टोक म्हणजे माण तालुका. कोयनेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माणला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापट फरक. माणमधल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. कारण साधं होतं: रोजचे पाच-दहा रुपये साठवू पाहणाऱ्या बाईचं खातं उघडायला बँका तयार नव्हत्या. रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी कित्येक अंगठा उठवणाऱ्या होत्या. बायकांनी रात्रीचे वर्ग लावले, सह्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या. तिथल्या साहेबांना त्यांनी सुनावलं की आम्हाला लिहिता येत नसेल, पण हिशेब येतो. कुठलीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून देतो, तुमचे अधिकारी यंत्राशिवाय काढतात का बघू. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण स्त्रियांनी ग्रामीण स्त्रियांसाठी चालवलेली अशी परवानाधारक बँक देशात पहिलीच. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक मंचाच्या वार्षिक परिषदेला सात सहअध्यक्ष होत्या, सगळ्या स्त्रिया. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तेव्हाच्या प्रमुख ख्रिस्तीन लगार्द त्यांत होत्या आणि म्हसवडच्या चेतना सिन्हाही.

त्या तोंडी हिशेबाची ताकद बघायला बँकेत जायचीही गरज नाही, गावातल्या बचत गटाची वही उघडली तरी पुरे. समजा गटात बारा जणी आहेत आणि महिन्याला शंभर रुपये प्रत्येकी. वर्षाला १४,४०० जमतात. एकीला करडं घ्यायला पाच हजार हवेत. गट दरमहा शेकडा दोननं देतो, ती महिन्याला हजार मुद्दल फेडते. व्याज पहिल्या महिन्याला १००, मग ८०, ६०, ४०, २०: एकूण ३०० रुपये. शेकडा दहा लावून मुद्दल शेवटी मागणाऱ्या सावकाराकडे हेच पाच महिने २,५०० रुपयांना पडले असते. वाचलेले २,२०० तिच्या घरात राहिले आणि दिलेले ३०० गटाच्या पेटीत, म्हणजे बारावा हिस्सा पुन्हा तिचाच. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, चोख हिशेब ही गटांची पंचसूत्री. ती पाळणाऱ्या गटाला बँका आता तारण न मागता पहिलं कर्ज किमान दीड लाखाचं देतात. १९९२ मध्ये नाबार्डनं बँका आणि बचत गट जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला होता. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि २०११ मध्ये सुरू झालेलं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे उमेद, हे काम करत आहेत.

मग अडतं कुठे? अडतं ते करडाच्या पुढे. शेळीपालन, पापड-लोणची, शिवणकाम यांपलीकडे जाऊन एखादीला नाचणीच्या बिस्किटांचा छोटा कारखाना काढायचा असेल तर जागा लागते, जागेला उतारा लागतो, उताऱ्यावर नाव लागतं. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं देशातलं पहिलं महिला धोरण आणलं, त्याच वर्षी मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती केली. केंद्राला तिथे यायला २००५ उजाडलं. कायदा झाला. पण वाटणीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची रीत अजून तालुक्याच्या कचेरीत रोज पाहायला मिळते.

आणि अडतं ते वेळेपाशीही. २०२४ मध्ये राज्यानं लाडकी बहीण योजना आणली. पात्र स्त्रीच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये, वर्षाचा खर्च सुरुवातीच्या अंदाजानं ४६ हजार कोटी. स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावानं पैसे येणं याचं मोल शहरातून कळणार नाही. औषध आणायला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. तरीही दीड हजारानं २८९ मिनिटांतलं एकही मिनिट आपोआप कमी होत नाही. त्यासाठी दारात पाणी हवं, दिवसभर चालणारं पाळणाघर हवं, वाडीपर्यंत वेळेवर येणारी एसटी हवी. अर्थसंकल्पात ही कामं पाणीपुरवठा, महिला-बालविकास, परिवहन अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली असतात आणि कल्याणकारी खर्च म्हणून मोजली जातात. धरण मात्र पहिल्या दिवसापासून विकासाची गुंतवणूक म्हणून मोजलं गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की पाळणाघर आणि नळ यांनाही त्याच रकान्यात बसवावं, कारण त्यातून जी शक्ती मोकळी होते तिचा परतावा तसाच दीर्घ मुदतीचा आणि तसाच रोख आहे.

हे ठरवायला दिल्लीची वाट बघायलाच हवी असं नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना आढळलं की आरक्षणामुळे जिथे बाई प्रमुख झाली तिथे पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली. कारण कुठलं काम किती तास खातं, हे तिला ठाऊक होतं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी असा इथला कायदा आहे, आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करावा असा नियम आहे. पुष्कळ गावांत ती सभा कागदावरच होते आणि तो दहा टक्के हिस्सा कार्यक्रमांत आणि किरकोळ वस्तूवाटपात जातो.

पुढच्या महिला ग्रामसभेत एक साधा प्रश्न विचारून पाहावा: या आराखड्यातलं कुठलं काम गावातल्या बायकांची रोजची किती मिनिटं वाचवेल? प्रत्येक कामापुढे रुपयांच्या रकान्याशेजारी मिनिटांचा एक रकाना आखावा. साठ उंबऱ्यांच्या वाडीत नळामुळे घरटी दोन तास वाचले तर दिवसाला १२० तास होतात, म्हणजे आठ तासांच्या पाळीचे पंधरा कामगार, एका वाडीत, रोज. देशाच्या वाढीचा दर अर्ध्या-पाव टक्क्यानं वर नेण्यासाठी अर्थमंत्री जी धडपड करतात, तिच्यासाठी लागणारे कामगार असे वाड्यावाड्यांत आधीच हजर आहेत.